‘मालवाहू इंजिन’ आणि ‘अग्निहीन इंजिन’ : प्रतिशब्द बरोबर आहेत काय?

प्रश्न : वाफेवरच्या मालगाड्यांविषयीचा मजकूर मराठीत आणताना दोन ठिकाणी अडलो आहे. मालगाडीला जोडतात त्याला ‘मालवाहू इंजिन’ म्हणावे काय? आणि रुळांलगतच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात जे ‘फायरलेस’ इंजिन वापरत, त्यासाठी ‘अग्निहीन इंजिन’ चालेल काय?

उत्तर : मालवाहू जहाज असते, कारण माल त्याच्या पोटात असतो. इंजिन माल वाहत नाही, ओढते. त्याची चालक चाके प्रवासी गाडीच्या इंजिनापेक्षा लहान आणि बहुधा संख्येने जास्त असतात, तीही वेगापेक्षा ओढ महत्त्वाची म्हणूनच. तेव्हा ‘मालगाडीचे इंजिन’ हेच बरे. त्यामागे असतात त्या वाघिणी. ‘वॅगन’ला मराठी जिभेने दिलेले हे रूप असून वाघाशी त्याचा काही संबंध नाही, तरी ‘रुळावरून वाघीण घसरली’ हे वाक्य नवख्या वाचकाला क्षणभर दचकवतेच.

‘अग्निहीन’ मला पटत नाही. तो शब्द विझलेल्या होमकुंडाची आठवण देतो; हे इंजिन मात्र चांगले तापलेले असते. त्याला स्वतःची भट्टी नसते, एवढेच. कारखान्याच्या बॉयलरमधली वाफ दाबाखाली त्याच्या टाकीतल्या पाण्यात भरतात आणि पुढे वाफ खर्च होऊन दाब उतरू लागला, की त्या तप्त पाण्याचीच आणखी वाफ होत राहते. ठिणगी उडत नसल्यामुळे दारूगोळ्याजवळही ते निर्धास्त फिरवता येई. जर्मन भाषेत त्याचे नाव ‘वाफ साठवणारे इंजिन’ अशा अर्थाचे आहे. मी ‘बिनभट्टीचे इंजिन’ म्हणेन. ‘आगगाडी’ हा शब्द मात्र त्या परिच्छेदात कटाक्षाने टाळावा, नाहीतर बिनआगीची आगगाडी व्हायची!

प्रश्नकर्ता : आभारी आहे. एक शंका उरते. इंजिनाचा मूळ धर्मच माल ओढणे नव्हता काय? ब्रिटिश अभियंता ट्रेविथिक याच्या वाफेच्या इंजिनाने १८०४ मध्ये वेल्समधल्या पेनीडॅरनच्या लोखंडाच्या कारखान्यातून १० टन लोखंडच ओढून नेले होते. मग ‘मालगाडीचे’ हे विशेषण कशाला?

उत्तर : त्या काळाविषयी लिहिताना नुसते ‘इंजिन’ पुरे. दोन प्रकार वेगळे घडू लागल्यानंतरच्या काळासाठी विशेषण हवे.

प्रश्नकर्ता : वाक्य असे केले आहे : ‘मालगाडीच्या इंजिनाने वाघिणी साइडिंगला सोडल्या आणि बिनभट्टीच्या इंजिनाने त्या आत नेल्या.’

उत्तर : ‘सोडल्या’ म्हटले की त्या सुटून घरंगळत गेल्यासारखे वाटते. ‘लावल्या’ म्हणा.