उत्सर्जन घटलं, पण वाट सोपी झाली नाही

२०२० मध्ये कोविडच्या लॉकडाउनमुळे कार्बन उत्सर्जन घटलं म्हणून कोळशाकडून स्वच्छ विजेकडे जाण्याचं भारताचं काम हलकं झालं, हा मुद्दा पटत नाही. ती घट मागणी पडल्याची होती, व्यवस्था बदलल्याची नव्हे. २०२१ मध्ये आकडा २०१९ च्याही वर गेला.

लॉकडाउनमध्ये सौर-पवन वीज 'मस्ट-रन' (मागणी घटली तरी आधी घ्यायचीच वीज) म्हणून चालू राहिली आणि कपात कोळशाच्या वाट्याला आली. इथवर ठीक. पण कोळशावरचा वीजसंच तेव्हाच्या नियमानुसार ५५ टक्के भारापर्यंतच खाली आणता येत होता, आणि कमी भारावर प्रत्येक युनिटमागे कोळसा जास्त जळतो. संच बंद करून पुन्हा पेटवायचा तर तेल लागतं, वर बंद संचाचाही स्थिर आकार (वीज घेतली नाही तरी द्यायची ठरावीक रक्कम) वितरण कंपनीला भरावाच लागतो.

खरं दुखणं वितरण कंपन्यांच्या या तिजोरीतच आहे. शेती आणि घरगुती ग्राहकांची स्वस्त वीज उद्योगांच्या चढ्या दरावर पोसली जाते. कारखाने बंद पडताच तो पैसा आटला आणि वितरण कंपन्यांकडे वीजनिर्मात्यांची थकबाकी फुगली. मे २०२० मध्ये केंद्राने वितरण कंपन्यांसाठी ९०,००० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेही कर्जरूपानेच. बुडीत वितरण कंपनीशी २५ वर्षांचा करार करायचा, तर बँक व्याज चढं लावणारच. सौर प्रकल्पात जवळपास सगळा खर्च सुरुवातीलाच होत असल्याने तो व्याजदर थेट विजेच्या किमतीत उतरतो.

त्यात अपारंपरिक ऊर्जा प्रकल्पांना सरसकट ५ महिन्यांची मुदतवाढ द्यावी लागली. २०२२ चं १७५ गिगावॅट अपारंपरिक ऊर्जेचं उद्दिष्ट हुकलंच. मात्र सगळं खापर साथीवर फोडू नये. छतावरच्या सौरऊर्जेची गाडी आधीपासूनच रखडलेली होती.