घामाची पट्टी: गरज धसकटं वेचणाऱ्यांना जास्त

काही जण म्हणतात की अंगाला चिकटवायच्या, घाम आणि त्यातलं मीठ मोजणाऱ्या पट्ट्या म्हणजे मॅरेथॉनवाल्यांची हौस. मला हे पटत नाही. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, आणि तेव्हाच पेरणीआधी शेतातली धसकटं (कापलेल्या पिकाचे उरलेले खुंट) वेचायची असतात. दुपारी बाबा घरी आले की सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. किती मीठ गेलं, हे त्या सदऱ्याशिवाय कोणी सांगत नाही. पोटऱ्यांत गोळे आले की मग कळतं!

२०१६ मध्ये अमेरिकेत संशोधक जॉन रॉजर्स यांच्या चमूने बनवलेली पट्टी मऊ सिलिकॉनची होती. घाम ग्रंथींच्या दाबानेच बारीक नळ्यांतून सरकतो, आतली रसायनं रंग बदलतात आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने ते वाचता येतं. बॅटरी लागत नाही. शेतमजुरांसाठी हे किती मोलाचं आहे!

पट्टीने घामातली साखर मोजण्याबद्दल मात्र सावध राहा. घामात साखर रक्ताच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतकीच असते, त्यामुळे मधुमेह असलेल्या माझ्या काकांसारख्यांनी बोट टोचून रक्त तपासणं सोडू नये.

आणि उष्माघातात कधी कधी घामच थांबतो, अंग तापून कोरडं पडतं. तेव्हा पट्टीकडे बघत बसू नका, माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, १०८ ला फोन करा. रोजच्यासाठी लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आमच्या बांधावर डब्यात तेच असतं.