एकाच नावाचे दोन कॉम्प्युटर

सेक्रेटरी: सोसायटीच्या ऑफिसच्या प्रिंटरबद्दल सकाळपासून तिघांच्या तक्रारी आल्या. प्रिंट दिली की कधी निघते, कधी 'ऑफलाइन' म्हणतो. कागद आहे, शाई आहे. कोणाला काही कळतंय का?

ए-१०१: केबल काढून परत लावा.

सेक्रेटरी: काका, चार वेळा झालं ते.

बी-२०३: साहेब, परवा दुसरा कॉम्प्युटर बसवला ना, त्यात जुन्याचीच डिस्क जशीच्या तशी कॉपी केली होती का?

सेक्रेटरी: हो. सगळे प्रोग्रॅम परत टाकत बसायला नको म्हणून.

बी-२०३: मग तिथेच पाणी मुरतंय. दोन्ही कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. तिच्यात होस्टनेम लिहून एंटर मारा, कॉम्प्युटरचं नेटवर्कवरचं नाव येईल, ते सांगा. (माझा कीबोर्ड मराठीवर आहे, सगळं देवनागरीत लिहितोय. तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.)

सेक्रेटरी: दोन्हीकडे डेस्कटॉप, मग हायफन, पुढे सात अक्षरं-आकड्यांचं काहीतरी अगम्य. अक्षर न् अक्षर सारखं.

सी-४०१: पण आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे आकडी पत्ते, वेगळे असतील ना? मग नाव एक असलं म्हणून काय झालं?

बी-२०३: आयपी वेगळे आहेत म्हणूनच इंटरनेट दोन्हीकडे नीट चालतंय, आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. पण प्रिंटर जुन्या कॉम्प्युटरला जोडून शेअर केलाय आणि तुमच्या लॅपटॉपवर तो नावाने घेतलाय: दोन बॅकस्लॅश, कॉम्प्युटरचं नाव, परत एक बॅकस्लॅश, प्रिंटरचं नाव. लॅपटॉप त्या नावाने हाक मारतो आणि जो आधी 'ओ' देईल त्याच्याकडे जातो. नव्याने 'ओ' दिली की संपलं, त्याच्या मागे प्रिंटर आहेच कुठे?

सी-४०१: अच्छा! म्हणून नवा बंद असला की प्रिंट निघते.

बी-२०३: बरोब्बर. ताई, हे आधी सांगितलं असतंत तर केबल वाचली असती.

ई-१०२: पार्किंगमधला पाण्याचा नळ कोणीतरी चालू ठेवलाय 🙏

सेक्रेटरी: वॉचमनला पाठवलंय. बी-२०३, नाव बदलायचं कसं? मी होस्टनेम लिहून पुढे नवं नाव टाकून पाहिलं, तर अंगावर आला.

बी-२०३: विंडोजमध्ये होस्टनेम फक्त नाव सांगतो, बदलत नाही. बदलायला पॉवरशेल, म्हणजे कमांड लिहायची दुसरी खिडकी, लागेल. पण आधी थांबा, कुठल्याचं बदलताय?

खजिनदार: दोन्हींची बदलू की. एकाला अकाउंट्स, एकाला ऑफिस. ती अगम्य अक्षरं कशाला ठेवायची?

बी-२०३: जुन्याला हात लावू नका. नाव बदलणं एका ओळीचं काम आहे, पण जुनं नाव कोणाकोणाला पाठ आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं. जुन्याचं बदललंत तर ज्यांनी ज्यांनी तो प्रिंटर नावाने जोडलाय त्या सगळ्यांचा तुटेल, शेअर केलेल्या फोल्डरचे शॉर्टकटही मरतील. नव्याला अजून कोणी ओळखत नाही, त्याचंच बारसं करा.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पहिल्या नोकरीत मी शुक्रवारी संध्याकाळी एका सर्व्हरला सुटसुटीत नाव दिलं. स्वतःवरच खूश. रात्रीचा बॅकअप मात्र जुन्याच नावाला शोधत होता. शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन रात्रींचा बॅकअप नाही. सोमवारी मी कसा दिसत असेन, कल्पना करा.

अध्यक्ष: नव्याला 'सोसायटी कार्यालय नवीन संगणक' असं नाव द्यावे. मराठीतच.

बी-२०३: सर, भावना पोचली 🙂 पण अक्षरं इंग्रजी, आकडे आणि हायफन एवढंच चालतं. स्पेस नाही, अंडरस्कोअर नाही. हा नियम इंटरनेटच्या बाल्यावस्थेतला, १९८५ सालच्या आरएफसी ९५२ या नियमपत्रातला. तेव्हा तर नावाची सुरुवात आकड्याने करायलाही बंदी होती, ती १९८९ मध्ये आरएफसी ११२३ ने उठवली. शिवाय विंडोजच्या, नावाने कॉम्प्युटर शोधायच्या जुन्या नेटबायोस पद्धतीत नाव १५ अक्षरांतच बसतं. विंडोज आपणहून जे नाव देतं ते मोजून बघा: डेस्कटॉपची इंग्रजीत सात, हायफन एक, पुढची सात. बरोबर १५.

अध्यक्ष: मग 'कार्यालय-२'. इंग्रजी अक्षरांत.

बी-२०३: मस्त. नव्या कॉम्प्युटरवर पॉवरशेल उघडा आणि ही एकच ओळ: रीनेम-कॉम्प्युटर (मधे हायफन), स्पेस, हायफनला जोडून न्यूनेम, स्पेस, नवं नाव, स्पेस, हायफनला जोडून रीस्टार्ट. शेवटचा शब्द टाकलात तर कॉम्प्युटर लगेच बंद होऊन चालू होईल, म्हणून आधी उघडी कामं सेव्ह करा.

सेक्रेटरी: लाल अक्षरांत चार ओळी आल्या. ॲक्सेस डिनाइड म्हणतोय.

बी-२०३: साधं उघडलंत. स्टार्टमध्ये पॉवरशेलवर राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर.

डी-५०२: काका, माझ्याकडे विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स आहे. मी सुडो (म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) होस्टनेम आणि नवं नाव असं केलं होतं, रीस्टार्ट केल्यावर परत जुनंच.

बी-२०३: तसं केलं की नाव तेवढ्यापुरतंच बदलतं. कायमचं हवं तर सुडो होस्टनेमसीटीएल, मग सेट-होस्टनेम, मग नाव. नुसतं होस्टनेमसीटीएल लिहिलंस तर सध्याचं नाव, कर्नल (सिस्टिमचा गाभा) वगैरे सगळी कुंडली दिसते.

डी-५०२: केलं. रीस्टार्टही लागला नाही. पण टर्मिनलवर (कमांडच्या खिडकीत) ॲट चिन्हाच्या पुढे अजून जुनंच नाव दिसतंय?

बी-२०३: ती खिडकी आधी उघडलेली आहे. नवीन उघड.

डी-५०२: दिसलं! पण आता सुडो वापरलं की 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' म्हणतो.

बी-२०३: इटीसी फोल्डरमधली होस्ट्स नावाची फाइल उघड. तिथे १२७.०.१.१ च्या पुढे जुनं नाव असेल, ते बदल. होस्टनेमसीटीएल त्या फाइलला शिवत नाही, आणि सगळे तिथेच अडकतात.

सी-४०१: मॅकवाल्यांनी काय पाप केलंय? 😄

बी-२०३: ताई, मॅकला एक सोडून तीन नावं. कॉम्प्युटरनेम, लोकलहोस्टनेम आणि होस्टनेम. एसस्कूटिल नव्हे, एससीयूटिल अशी कमांड आहे. तिच्यापुढे दोन हायफन जोडून गेट, मग कॉम्प्युटरनेम, की नाव दिसेल. बदलायला गेटच्या जागी सेट, शेवटी नवं नाव, आणि सुरुवातीला सुडो. तिन्ही वेगवेगळी बदलावी लागतात. डॉट लोकल लावून मॅक सापडतो ते मधलं.

सेक्रेटरी: झालं! चालू झाला. होस्टनेम लिहिलं तर 'कार्यालय-२' आलं. खजिनदारांनी दोन पानं प्रिंट दिली, दोन्ही निघाली.

खजिनदार: राउटरच्या यादीत मात्र अजून एकाच नावाचे दोघे दिसतायत.

बी-२०३: त्याच्याकडे जुनी नोंद आहे. कॉम्प्युटर पुन्हा आयपी मागेल तेव्हा नवं नाव कळवेल. उद्या बघा.

ए-१०१: म्हणजे केबल नव्हती.

सेक्रेटरी: नव्हती, काका. नव्याच्या डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलंय. जुन्यावर काय लिहू, ती सात अगम्य अक्षरं?

बी-२०३: तीच लिहा. आणि खाली 'बदलू नये'.