शेल फोडण्यापेक्षा उलगडावा
जीवाश्म शोधताना शेल, म्हणजे चिखल थराथरांनी साचून झालेला खडक, हातोड्याने फोडावा की छिन्नीने, असा प्रश्न पडतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील फ्लॉरिसंट या ठिकाणच्या शेलपुरते बोलायचे तर माझ्या मते दोन्ही नकोत. सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी तिथल्या तळ्यात डायटम या सूक्ष्म शैवालाचे आणि ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या चिकणमातीचे थर आलटून पालटून साचले, त्यामुळे हा दगड वहीच्या पानांसारखा सुटतो. कडेला पातळ पात्याची सुरी टेकवून ती हलकेच फिरवली की पापुद्रा वेगळा होतो. त्यातला कीटकाचा जीवाश्म आधी नुसत्या तपकिरी डागासारखा दिसतो, पण भिंग धरताच त्या डागात पंखांच्या शिरा स्पष्ट होतात, आणि तो क्षण खरोखर विसरता येत नाही. सुटलेल्या दगडाचे दोन्ही अर्धे जपून ठेवावेत, ही आग्रहाची विनंती, कारण एका बाजूला न उमटलेला पाय दुसऱ्या बाजूला असू शकतो. ओला शेल उन्हात सुकवल्यास तडकतो, म्हणून तो कागदात गुंडाळून सावलीत ठेवावा. १९६९ मध्ये घोषित झालेल्या फ्लॉरिसंटच्या राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत जीवाश्म गोळा करण्यास मनाई आहे. लगतच्या खासगी खाणीत मात्र शुल्क भरून शोध घेता येतो. आज मुख्यतः आफ्रिकेत आढळणाऱ्या त्सेत्से माशीच्या कुळाचे जीवाश्मही फ्लॉरिसंटला मिळाले आहेत, तेव्हा अनोळखी नमुना तज्ज्ञांना अवश्य दाखवावा.