2020 आणि 2021 चे गणपती तुमच्या घरी कसे झाले?

गणपती जवळ आले की आमच्याकडे कोणीतरी कोरोनाच्या त्या दोन वर्षांचा विषय काढतंच, आणि मग एकाच घरातल्या चार माणसांच्या चार वेगळ्या आठवणी निघतात. 2020 ला चतुर्थी 22 ऑगस्टला होती, 2021 ला 10 सप्टेंबरला. नियम बहुतेकांना आठवत असतील, घरची मूर्ती दोन फूट, मंडळाची चार फूट, मिरवणूक नाही, विसर्जनाला मोजकी माणसं. पण त्या नियमांच्या आत घराघरात काय झालं ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला काहीच आठवत नाही, त्याला वाटतं आपण सांगतो ती गोष्ट आहे. म्हणून हा धागा. कोण पोचलं, कोण नाही पोचलं, मोदक कोणी वळले, आरतीला टाळ कोणी धरले, सगळं लिहा. लांबलं तरी चालेल.

आधी माझं सांगते. आम्ही डोंबिवलीचे, घर कणकवली तालुक्यात. बाबा तेव्हा 71 वर्षांचे, आणि जन्मापासून एकही चतुर्थी त्यांनी गावाबाहेर केली नव्हती. मार्चपासून घरात कोंडलेले, तरी त्यांचं एकच, गणपतीला जायचं. सरकारने सांगितलं 12 ऑगस्टच्या आत गावात पोचा आणि 10 दिवस क्वारंटाईन राहा. बाबांनी बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले बरोबर बसतंय. गाडीने जायचं तर ई-पास हवा, आमचा अर्ज तीनदा रिजेक्ट झाला, कारण शेवटपर्यंत कळलं नाही. मग एसटीने जाणाऱ्यांना पास लागणार नाही असं जाहीर झालं, एका बसला 22 माणसं. आमच्या वाडीतली डोंबिवली, दिवा, बदलापूर अशी विखुरलेली माणसं फोनवर जमवली आणि अख्खी बस केली. इतकी वर्षं गावाला जाते पण तो प्रवास वेगळाच होता, कोणी कोणाला लाडू देत नव्हतं, प्रत्येकाने आपलं पाणी आपल्यापाशी धरलेलं, आणि कशेडी घाटाच्या आधी गाड्यांची जी रांग लागलेली त्यात आम्ही रात्रीचे साडेचार तास उभे होतो. खारेपाटणला कपाळावर ती तापाची बंदूक लावून नावं लिहून घेतली. बाबांचं टेंपरेचर नॉर्मल आलं तेव्हा मागच्या सीटवरच्या वहिनी रडायला लागल्या, आमच्या बाबांसाठी नव्हे, त्यांना आपला नंबर यायची भीती वाटत होती.

गावात कोरोनासाठी नेमलेल्या ग्राम कृती दलाची मुलं वेशीवरच थांबलेली. तीच मुलं, दरवर्षी आमच्या ओटीवर भजनाला बसणारी. घर आमचं दोन भागांचं, एका बाजूला काका-काकी बारा महिने राहतात, दुसरी बाजू आमची. मधलं दार बंद केलं. सामाईक विहिरीवर जायचं नाही असं सांगितलं गेलं. ते ऐकून बाबा दोन तास बोलले नाहीत, कारण त्या विहिरीच्या गाळ काढण्यात त्यांचे हात होते. मग काकीने काय केलं, रोज सकाळी चार हंडे पाणी स्वतः ओढून आमच्या खळ्याच्या कडेला ठेवायची आणि लांब जाऊन हाक मारायची. दहा दिवस. तिचं वय तेव्हा 64, गुडघे दुखायचे. मी त्या हंड्यांचा हिशोब अजून विसरले नाही. माटवी (गणपतीच्या वर टांगायची, रानफळांनी आणि पानांनी सजवलेली चौकट) बांधताना बाबा खिडकीतून सांगत होते कवंडाळ इकडे बांध, शेरवडे तिकडे, आणि काका प्रत्येक गोष्ट त्यांना वर धरून दाखवत होते. 21 तारखेला, हरतालिकेच्या दिवशी, आमचे दिवस भरले आणि मधलं दार काकांनी त्यांच्या बाजूने उघडलं. चतुर्थीला देवापुढे गाऱ्हाणं घालताना दरवेळी काका मोठ्या आवाजात बोलतात, त्या वर्षी ते अर्ध्यावर थांबले आणि पुढचं बाबांनी पूर्ण केलं. गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हणायला आम्ही सहाच माणसं होतो.

*

तुम्ही पोचलात, आम्ही नाही पोचलो. रेल्वेच्या गणपती स्पेशल गाड्या 15 ऑगस्टपासून सुटल्या, तोपर्यंत 12 ची मुदत टळून गेलेली, नंतर जाणाऱ्याला टेस्ट करून जायला लागणार होतं. माझी नोकरी दवाखान्यातली, सुट्टी मिळाली ती 17 ला. घरात दुसरं कोणी जाण्यासारखं नाही.

आता कोकणातल्या माणसाला सांगायला नको की गणपती चुकवता येत नाही, दार बंद ठेवून चालत नाही. शेजारच्या आजोबांकडे किल्ली असते. त्यांनी स्वतःचा गणपती बसवला, मग आमचं घर उघडलं, झाडलं, दिवा लावला आणि आमची मूर्ती आमच्याच पाटावर बसवली. मूर्तीशाळेत आमचा पाट त्यांनीच मे महिन्यात नेऊन दिला होता, मला माहीतही नव्हतं. घरात नेटवर्क नाही, ते वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळी पठारावर, गेलं की येतं, त्यामुळे लाईव्ह वगैरे काही शक्य नव्हतं. त्यांचा नातू पूजेचा व्हिडिओ करून रात्री सड्यावर चढून पाठवायचा. साडेदहाच्या सुमारास टिंग वाजायचं आणि आम्ही तिघं फोन टेबलावर उभा करून, हात जोडून, दुपारची आरती रात्री करायचो. व्हिडिओत मागे आमच्या घराची भिंत दिसायची, पावसाने ओल आलेली, आणि आई दरवेळी तेवढ्याकडेच बघत राहायची.

*

आम्ही पेणच्या बाजूचे, हमरापूर जोहे पट्टा, मूर्तींचं काम घरात तीन पिढ्या. तुमच्या सगळ्यांच्या घरी मूर्ती आली कशी ते पण लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो.

आमचं काम गणपती झाले की थोड्याच दिवसांत परत सुरू होतं. परदेशात पाठवायचा माल वर्षाच्या सुरुवातीला बोटीने निघतो, तो 2020 ला थोडा गेला थोडा अडकला. मार्चमध्ये सगळं बंद, बाहेरचे कारागीर गावी निघून गेले, रंग मिळेना. त्यात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ. आमच्या शेडचे पत्रे उडून शेतात गेले आणि कच्च्या मूर्तींवर सरळ पाऊस. माती ती, किती धरणार. वडील भिजत उभे राहून एक एक मूर्ती उचलून घरात ठेवत होते, शेवटी घरात माणसांना बसायला जागा नव्हती. मग जुलैमध्ये उंचीचा नियम आला. मंडळांच्या सात-आठ फुटी मूर्ती तोपर्यंत साच्यातून निघालेल्या होत्या. त्या प्लास्टिक गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या, वाटलं पुढच्या वर्षी जातील. पुढच्या वर्षीही चार फूटच. जुलै 2022 मध्ये मर्यादा उठली तेव्हा प्लास्टिक सोडलं, दोन वर्षांची धूळ, काहींची बोटं तुटलेली. दुरुस्त करून रंगवून दिल्या त्या. कर्ज अजून चालू आहे, पण गिऱ्हाईकाबद्दल चांगलंच सांगेन, 2020 ला बरेच लोक न येता पैसे पाठवून म्हणाले मूर्ती कोणाकडे तरी द्या, आम्हाला प्रवास जमणार नाही.

*

नागपूर. आमच्याकडे गणपतीपेक्षा मोठ्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा कनिष्ठा बसतात, जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंगती. सासूबाईंच्या काळापासून साठ-सत्तर पान असतं. 2020 ला 26 ऑगस्टला जेवण होतं आणि घरात आम्ही पाच जण.

मी म्हटलं चार भाज्या करू. सासूबाई म्हणाल्या देवीला काय सांगणार, बाजार बंद होता म्हणून? सोळाच केल्या, वाटी वाटी. काही भाज्या तर दोन चमचे एवढ्याच झाल्या असतील. संध्याकाळी त्यांनी स्वतः डबे भरले आणि दरवर्षीच्या सवाष्णींच्या घरी, जेवढ्या आसपास राहतात तेवढ्या, माझ्या नवऱ्याने गेटच्या बाहेर डबा ठेवून बेल वाजवायची आणि मागे सरकायचं. अकरा घरं झाली. त्यातल्या एका काकूंनी बाल्कनीतून पदर पसरून ओटी मागितली, आता दुसऱ्या मजल्यावर ओटी कशी भरणार, तर वरून दोरीने पिशवी सोडली आणि आम्ही त्यात तांदूळ, खण, नारळ ठेवला. त्या काकू पुढच्या मे महिन्यात गेल्या. त्यांचा डबा आमच्याकडे परत यायचा राहिला, आणि तो मागावा असं कोणालाच वाटलं नाही.

*

थोडक्यात माझं. राहायला लालबागला. लालबागचा राजा 2020 ला बसला नाही, मंडळाने आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मा दान. मी तिथे रक्त दिलं. बाहेर आलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले आणि रस्ता मोकळा. तो रस्ता गणपतीत मोकळा मी आयुष्यात पाहिला नव्हता, आमच्या खिडकीतून दहा दिवस रात्रभर आवाज येतो म्हणून लहानपणी मी चिडायचो, त्या वर्षी झोपच लागेना.

*

पुणे. आमचा दीड दिवसाचा. 2020 च्या चतुर्थीला संध्याकाळी मला वास येणं बंद झालं, धूप लावला होता आणि काही कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा, नवऱ्याचा आणि सासऱ्यांचा स्वॅब दिला, लक्षणं होतीच म्हणून रिपोर्टची वाट न बघता आम्ही तिघं बेडरूममध्ये गेलो. बाहेर हॉलमध्ये गणपती आणि नऊ वर्षांची मुलगी.

आता उत्तरपूजा कोण करणार? सासरे दारामागून म्हणाले ती करेल. तिने तोपर्यंत निरांजनही कधी स्वतः पेटवलं नव्हतं, आम्हीच काडेपेटी हातात देत नव्हतो. दाराच्या फटीतून सासरे सांगत होते, आता हळद, आता अक्षता, आता फूल, आणि ती प्रत्येक वेळी "वाहिलं आजोबा" असं ओरडून सांगायची. आरत्यांचं पुस्तक घेऊन तिने एकटीने सगळ्या आरत्या म्हटल्या, आम्ही आतून टाळ्या वाजवत होतो. मंत्रपुष्पांजली तिला वाचता येईना तेव्हा सासऱ्यांनी आतून म्हटली, मध्ये खोकला येत होता तरी थांबले नाहीत. मग तिने दही हातावर ठेवलं, मूर्ती थोडी हलवली. फिरते हौद महापालिकेने सोडले होते पण आम्ही खाली जाणार कसे, आणि शेजाऱ्यांना आमच्या घरातली मूर्ती न्यायला सांगणं बरं वाटेना. शाडूची होती म्हणून बरं, बादलीत विसर्जन केलं. (पीओपीची असती तर नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्यासाठी महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते, त्यालाही दोन दिवस लागतात.) मुलगी बादलीपाशी बसून राहिली. आधी कान गेले, मग सोंड, असं ती आम्हाला आत सांगत होती, आणि मग एकदम गप्प झाली. मी दाराच्या या बाजूला होते, मला तिला जवळ घेता येत नव्हतं. त्या दहा दिवसांत मला ताप, अंगदुखी, सगळं झालं, पण लक्षात राहिली ती ही दहा मिनिटं.

ती माती कुंडीत घातली, त्यात गोकर्ण लावला आहे. सासरे बरे झाले. आता उत्तरपूजा दरवर्षी तीच करते, त्यांनी स्वतःहून तिच्याकडे सोपवली.

*

चिपळूणचं कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. 22 जुलै 2021 चा पूर, घरात पाणी माळ्यापर्यंत. पुढे सात आठवड्यांवर गणपती. मखर, समई, आजीचा चौरंग, सगळं चिखलात. मागच्या वर्षी ज्यांना येता आलं नव्हतं ते या वर्षी दोन डोस घेऊन, सर्टिफिकेट मोबाईलमध्ये ठेवून आले, आणि येताना कोणी समई आणली, कोणी ताम्हन, कोणी नुसताच झाडू आणि फिनेल. चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत आम्ही भिंती धूत होतो. मास्क लावून. भिंतीवर पुराची रेघ होती तिच्या बरोबर खाली गणपती बसला, ती रेघ आम्ही अजून रंगवलेली नाही.

*

मला लिहायचं की नाही कळत नव्हतं. बाबा एप्रिल 2021 मध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. बेडसाठी रात्रभर फिरलो ते इथे लिहीत नाही. अंत्यविधीला 20 माणसांची परवानगी होती, आम्ही दोघं होतो, भाऊ आणि मी, तेही लांबून.

2021 चा गणपती आमच्याकडे बसला नाही, वर्षाच्या आत नको म्हणून काकांनी त्यांच्या घरी आमच्या नावाचा नैवेद्य दाखवला. आईने त्या दिवशी घरी वरणभात केला आणि संध्याकाळी सातला, बाबा आरतीला बसायचे त्या वेळेला, हॉलमधला दिवा लावून बसली. शेजारच्या फ्लॅटमधून आरती ऐकू येत होती. घालीन लोटांगण सुरू झालं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि स्वतःभोवती फिरली, आम्ही पण उठलो.

2022 ला आणायचं ठरलं, 31 ऑगस्टला चतुर्थी होती. मूर्ती बुक करायला मी पहिल्यांदा एकटा गेलो, ते काम नेहमी बाबांचं. कारखान्यातल्या काकांनी वही काढली, 2020 चं पान उघडलं, आमची ओळ सापडली, तीच मूर्ती, तोच रंग, पीतांबर पिवळा, समोर बाबांचं नाव. त्यांना कळलं होतं. पेन हातात घेऊन म्हणाले, नाव बदलू का? मी म्हटलं नको, राहू दे तेच.