मदत हवी आहे: ‘अफ्लिक्ट’ला मराठीत नेमकं क्रियापद कोणतं?

संधिवातावरच्या एका माहितीपत्रकाचं इंग्रजीतून मराठी करतेय. ‘अफ्लिक्ट’ या क्रियापदापाशी दोन दिवस अडले आहे. शब्दकोशात पीडणे, छळणे, गांजणे, ग्रासणे असे अर्थ मिळाले, पण वाक्यात बसवले की खटकतात. छळायला, गांजायला कुणीतरी मुद्दाम त्रास देणारा लागतो; दुखण्याचा तसा हेतू नसतो. ‘सतावणे’ फार हलकं. ‘पीडित’ म्हटलं की हल्ली अत्याचारच डोळ्यांपुढे येतो. ‘संधिवात होतो’ हे सरळ आहे, पण रोज सकाळी बोटं आखडतात, साधं झाकण फिरवता येत नाही, ती वर्षानुवर्षांची वेदना त्यात उतरत नाही.

सध्या ‘संधिवाताने ग्रासलेले’ असं लिहिलंय. त्यातही माणूस पुरता गिळला गेल्यासारखा वाटतो, आणि वाचणारे स्वतः रुग्ण आहेत. त्यांना बिचारं ठरवायचं नाही.

‘इन्फ्लिक्ट’शी गल्लत नाही, तिथे ‘लादणे’ चालतं. ‘व्याधिग्रस्त’सारखे जड शब्द नकोत. वाक्याची रचना बदलायला मात्र हरकत नाही.

हेतू न सुचवता दीर्घ त्रास सांगणारं, रोजच्या बोलण्यातलं क्रियापद कोणतं? की इथे ‘जडणे’ चालेल?