बोटीवर राहणारं बिऱ्हाड आणि नदीकाठचं गाव: पोरांना पेनं वाटावीत का?

कांदाटीकर (सातारा)
माझा मावसभाऊ, वहिनी आणि त्यांच्या दोन पोरी तीन वर्षं शिडाच्या बोटीवरच राहतात. डिसेंबरात ते पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया नदीतून आत गेले. फराफेनीजवळचा 2019 साली झालेला पूल ओलांडून बरंच वर गेले आणि एका लहानशा गावासमोर नांगर टाकला. घरच्या ग्रुपवर फोटो आला. काठावर तीसेक पोरं, सगळ्यांचे हात वर आणि दादाच्या मुठीत पेनांचा गठ्ठा. सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र तो फोटो बघवेना.

आमचं गाव कोयनेच्या पाण्याकाठी. धरण झालं, 1960च्या दशकात पाणी चढलं, भाताची खाचरं बुडाली आणि गाव डोंगराकडं सरकलं. तापोळ्याकडून पर्यटकांची लाँच आली की वरून गोळ्या-बिस्किटं पडायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला पोटरीभर गाळ. धाकटी बहीण एका लिमलेटच्या गोळीसाठी त्यात शिरली. एक चप्पल गाळातच राहिली आणि गोळी दुसऱ्याच पोरानं उचलली. लाँचवरची माणसं हसली. ती वाईट नव्हती, पण त्यातलं एकही कधी वर घरापर्यंत आलं नाही.

माझं मत असं: बोटीनं जरूर जावं, पण पोरांच्या हातात काही ठेवू नये.

कृष्णाकाठ (पलूस)
दादा, राग मानू नका, पण हे पटलं नाही. ऑगस्ट 2019च्या पुरात आमच्याकडं बोट म्हणजे जीव होता. ब्रह्मनाळला भरलेली बोट उलटून माणसं गेली, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नंतर कुठून कुठून लोक आले, चटया, भांडी, वह्या देऊन गेले. पोरांच्या हातातच दिल्या. माझ्या पुतण्यानं त्याच वह्यांवर वर्ष काढलं. देणाऱ्याचा हात अडवू नये.

कांदाटीकर
पूर ही आपत्ती होती, तिथं कोण विचारत बसेल? गांबियातल्या त्या गावावर कसलंही संकट नव्हतं. त्यांचा तो रोजचा दिवस होता.

जुना खलाशी (कराड)
मालवाहू जहाजावर असताना बांजुल बंदरात राहिलोय, म्हणून सांगतो. तिथल्या गावात मुखिया असतो, त्याला अल्कालो म्हणतात. परका माणूस आधी त्याच्याकडं जातो. सोबत कोला नावाच्या झाडाच्या कडू बिया न्यायच्या, आपल्याकडं पान-सुपारी पुढं करतात तसं. मग तो सांगतो कुठं थांबा, कुणाला भेटा. रीत तयार आहे, ती पाळली की तुमचा अर्धा वाद मिटतो. तुमच्या भावानं विचारलं नसणार.

बाई (वाई)
मी शिक्षिका. पेनाला कमी लेखू नका हो. माझी पहिली नेमणूक पाण्यापलीकडच्या शाळेत होती. आठवड्याचं सामान लाँचनं यायचं, लाँच चुकली की खडूसुद्धा नसायचा. कुणी पेनांचं खोकं आणलं असतं तर मी हात जोडले असते. फक्त ते शाळेत यावं, काठावर उधळू नये. आणि बोटीवरच्या त्या दोन मुलींचंही बघा. वर्गात बसायला त्यांना सोबतीच नाहीत. त्यांना काठावर उतरू द्या, तिथल्या मुलींशी खेळू द्या.

कांदाटीकर
बाई, तुमचं म्हणणं मान्य. शाळेत द्यावं, हे मला सुचलं नव्हतं.

काल दादाशी बोललो. खलाशीकाका, तुमचं बरोबर निघालं, पहिल्या दिवशी तो कुणालाच भेटला नव्हता. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं निरोप धाडून बोलावलं. तिथं नदीकाठची भातशेती बायका बघतात आणि पुरुष भुईमूग करतात. पोरींना बायकांनी भाताच्या खाचरात नेलं. वहिनी म्हणाली, संध्याकाळी दोघी पाय चिखलानं माखून आल्या, हातात लोंबीची जुडी होती. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

दादानं उरलेली पेनं म्हाताऱ्यापुढं ठेवली. त्यानं ती बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, पोरी जेवल्या का?

कृष्णाकाठ
वाचलं. तरी पेनं नेणं चूक, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या वह्यांबद्दल पुतण्याला आज विचारलं. वही कुणी दिली ते त्याला आठवत नाही. एका बाईनं बोटीतून उतरून आमच्या आईबरोबर घरातला गाळ उपसला, तेवढं आठवतं.